आईविना कोकराला लस कधी, जंताचं औषध कधी? कळपाची तारीख त्याला लागू पडत नाही

माण, आटपाडी, सांगोला, जत या दुष्काळी पट्ट्यात मेंढ्या असलेल्या घरांना हे चित्र नवं नाही. मेंढी व्याली आणि रात्रीत गेली. किंवा जुळं झालं, तिनं एकाला पाजलं आणि दुसऱ्याला ढुशा देऊन हाकललं. असं कोकरू मग घरी येतं. म्हातारी त्याला चुलीजवळ पोत्यावर ठेवते, नातवंडं शाळेला जायच्या आधी बाटली लावतात. पंधरा दिवसांत ते माणसांच्या मागं हिंडायला लागतं. तीन महिन्यांत कळपातल्या कोकरांपेक्षा अंगानं भरलेलं दिसतं. आणि एके दिवशी सकाळी ते जागेवर ताठ झालेलं सापडतं. आदल्या संध्याकाळी तर पोटभर खाऊन निजलं होतं.

कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं विषारी पाला खाल्ला. पण चांगलं खातंपितं, अंगानं जोरकस कोकरू असं एका रात्रीत जातं तेव्हा पहिला संशय आंत्रविषार या रोगावर घ्यावा लागतो. या रोगावर लस आहे. ती पुण्यात औंधच्या शासकीय पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होते. कळपाला मे महिन्यात ती टोचलेलीही असते. मग घरचं कोकरूच कसं राहिलं?

कारण साधं आहे. लस टोचणारे वाड्यावर आले तेव्हा कोकरू घरी होतं. किंवा ते इतकं लहान होतं की "याला पुढच्या वेळी बघू" असं म्हणून सोडून दिलं. पुढची वेळ वर्षानं येते. जंताच्या औषधाचंही तसंच. कळपाला पाजताना घरच्या कोकराची आठवण राहत नाही, आणि राहिली तर मोठ्या मेंढीच्या अंदाजानं त्याच्या तोंडात औषध ओतलं जातं.

आईविना कोकराला कळपाची तारीख लागू पडत नाही. त्याची तारीख त्याच्या जन्मापासून वेगळी मोजावी लागते. ती कशी मोजायची, ते खाली दिलं आहे.

आधी तीन गोष्टी लिहून ठेवा

कोकरू घरात आलं त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन गोष्टी लिहाव्यात आणि मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवावा.

१. जन्माची तारीख.

२. चीक मिळाला का? मिळाला असेल तर किती तासांनी आणि साधारण किती?

३. आईला आंत्रविषाराची लस शेवटची कधी टोचली होती?

ही माहिती असली की पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना पुढचं सगळं वेळापत्रक दोन मिनिटांत लावून देता येतं. नसली तर ते अंदाजानंच चालतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना "टोचली असेल" एवढंच देता येतं. अशा वेळी टोचली नाही असं धरून चालावं. मे महिन्यात टोचलेली मेंढी दिवाळीनंतर व्याली, तर मधे सहा महिने गेलेले असतात आणि चिकातून कोकराला मिळणारं संरक्षण बरंच कमी झालेलं असतं. व्यायच्या तीन-चार आठवडे आधी मेंढीला एक मात्रा टोचली तर चीक सगळ्यात जोरकस असतो. पण आपल्याकडे एवढं नेमानं करणारे थोडेच.

चीक हीच पहिली लस

मेंढीच्या पोटात असताना कोकराला आईच्या रक्तातून रोगाशी लढायची ताकद मिळत नाही. माणसाच्या बाळाला ती थोडीफार मिळते, कोकराला नाही. त्याला जे मिळतं ते जन्मल्यावर चिकातूनच. आणि कोकराचं आतडं ही ताकद शोषून घेतं ते पहिले काही तासच. पहिल्या सहा तासांत सगळ्यात चांगलं, नंतर कमी कमी होत चोवीस तासांनी ते दार जवळजवळ बंद होतं. दुसऱ्या दिवशी आणलेला चीक पोट भरायला चांगला, पण रोगापासून राखायला त्याचा उपयोग फार थोडा.

मात्रा अशी धरावी. जन्मल्यापासून दोन तासांच्या आत, दर किलो वजनाला ५० मिली. म्हणजे ३ किलोच्या कोकराला पहिल्यांदा १५० मिली. पहिल्या चोवीस तासांत मिळून वजनाच्या किमान दहावा हिस्सा, म्हणजे ३०० मिली. जमलं तर ५०० ते ६०० मिलीपर्यंत, चार-पाच वेळा थोडं थोडं करून.

आई मेली असली तरी तिच्या सडात चीक शिल्लक असेल तर लगेच काढून घ्यावा. मात्र ती आजारानं गेली असेल किंवा कास सुजलेली असेल तर तो वापरू नये. त्याच दिवशी दुसरी मेंढी व्याली असेल तर तिचा चीक सगळ्यात चांगला. शेळीचा चालतो. तोही नसेल तर गायीचा चालतो. फक्त गायीच्या चिकातून मेंढ्यांच्या रोगांविरुद्धची ताकद तेवढी मिळत नाही, त्यामुळे असं कोकरू लसीच्या हिशेबात "संरक्षण नसलेलं" धरावं.

ज्याच्या घरी फ्रीज आहे त्यानं जादा दूध देणाऱ्या मेंढीचा चीक १००-१५० मिलीच्या लहान पिशव्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवला तर ऐन वेळी कामाला येतो. तो चुलीवर उकळू नये. उकळला की फाटतो आणि त्यातली ताकदही मरते. कोमट पाण्याच्या भांड्यात पिशवी ठेवून तो हळूहळू पातळ करावा.

नाळेला टिंक्चर आयोडीन लावायलाही विसरू नये. शेणामुतातले जंतू याच वाटेनं आत शिरतात. धनुर्वात आणि सांधे सुजण्याचा धोका त्यातूनच असतो.

आंत्रविषार: दोन वाटा, दोन तारखा

या रोगाचा जंतू बाहेरून येतोच असं नाही. तो निरोगी मेंढीच्या आतड्यातही थोड्या संख्येनं असतो आणि गप्प असतो. एकदम भरपूर दूध, धान्य किंवा कोवळा लुसलुशीत चारा पोटात गेला की त्याला फावतं. तो भराभर वाढतो आणि विष सोडतो. ते विष रक्तातून मेंदूपर्यंत पोचतं. कोकरू डोकं मागं ताणतं, पाय झाडतं आणि काही तासांत जातं. बऱ्याचदा ते मेलेलंच सापडतं. म्हणूनच तो अंगानं भरलेल्या कोकरालाच गाठतो. रोडकं, अर्धपोटी कोकरू यातून सुटतं. घरात लाडानं वाढणाऱ्या कोकराला त्यामुळे दुप्पट धोका. एक तर संरक्षण कमी, आणि वर खायला भरपूर.

मेंढ्या-शेळ्यांसाठी आपल्याकडे जे लसीकरणाचं वेळापत्रक वापरलं जातं, त्यात या लसीसाठी दोन वाटा सांगितल्या आहेत.

आईला लस टोचलेली होती आणि कोकराला तिचा चीक वेळेत मिळाला, तर पहिली मात्रा चौथ्या महिन्यात आणि दुसरी त्यानंतर १५ दिवसांनी.

आईला लस नव्हती, तर पहिली मात्रा वयाच्या पहिल्या आठवड्यातच आणि दुसरी त्यानंतर १५ दिवसांनी. चीक मिळालाच नाही किंवा आईच्या लसीचा पत्ता नाही, ती कोकरंही याच वाटेनं न्यावीत.

बहुतेक आईविना कोकरं या दुसऱ्या वाटेवरच येतात. आणि नेमकं इथंच चुकतं, कारण "एवढ्याशा पिल्लाला कुठं सुई टोचायची" असं वाटतं. इतक्या लहान वयात टोचलेली लस फार दिवस टिकत नाही हेही खरं. म्हणून त्या कोकराला चौथ्या महिन्यात पुन्हा एक मात्रा द्यावी. दोन मात्रांमधलं अंतर काही लसींच्या कागदावर तीन-चार आठवडे लिहिलेलं असतं. तिथं कागदावरचं आणि डॉक्टरांचं ऐकावं. मात्र दुसरी मात्रा चुकवू नये. एकच मात्रा टोचून थांबणं म्हणजे पेरणी करून पाणी न देणं.

लस टोचली तरी खाण्यातली शिस्त सोडून चालत नाही. दूध ठरलेल्या वेळेलाच आणि थोडं थोडं द्यावं. सकाळची बाटली चुकली म्हणून संध्याकाळी दुप्पट पाजू नये. मक्याचा भरडा, पेंड रोज चिमूट चिमूट वाढवत न्यावी. ज्वारीचं खळं, मक्याची रास, उघडं पोतं यांपासून कोकराला लांब बांधावं. माणसांत वाढलेलं कोकरू धीट असतं. ते थेट घरात शिरून पोत्यात तोंड घालतं.

पीपीआर आणि बाकीच्या लसी

पीपीआरमध्ये ताप, नाकाडोळ्यांतून पाणी, तोंडात फोड आणि मग हगवण होते. लहान जनावरं यात जास्त मरतात. ही लस तीन महिने पूर्ण झाल्यावर टोचतात आणि तिचं संरक्षण तीन वर्षं टिकतं. तीन महिने थांबायचं कारण असं की चिकातून आलेली आईची ताकद या लसीलाच मारून टाकते. लवकर टोचलेली लस त्यामुळे वाया जाते. चीक न मिळालेल्या कोकराला ही अडचण नसते. म्हणून गावात रोग आला असेल तर डॉक्टर अशा कोकराबाबत वेगळा निर्णय घेऊ शकतात. तो निर्णय त्यांच्यावर सोडावा.

बाकीच्या लसींची वयं अशी:

• मेंढ्यांची देवी: तीन महिन्यांनंतर, मग दरवर्षी.

• लाळ्या-खुरकूत: तीन-चार महिन्यांनंतर, तीन-चार आठवड्यांनी दुसरी मात्रा, मग दर सहा महिन्यांनी. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात शेळ्या-मेंढ्याही धरलेल्या आहेत.

• घटसर्प: सहा महिन्यांनंतर, मग दरवर्षी पावसाळ्यापूर्वी.

• फऱ्या: ज्या गावात हा रोग आधी दिसलेला आहे तिथं सहा महिन्यांनंतर, पावसाळ्यापूर्वी.

• फाशी: फक्त जिथं रोग येऊन गेलेला आहे तिथंच, डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

सगळ्या लसी एका दिवशी उरकून टाकायच्या नसतात. दोन लसींत साधारण दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवतात. ताप असलेल्या, हगवण लागलेल्या किंवा मरगळलेल्या कोकराला लस टोचू नये. आधी ते बरं होऊ द्यावं. टोचल्या जागी लिंबाएवढी गाठ आली किंवा एक-दोन दिवस कोकरू थोडं सुस्त राहिलं तर घाबरायचं कारण नाही.

फक्त दुधावरच्या कोकराला जंत होतात का?

नेहमीचे गोल जंत गवतातून येतात. मोठ्या मेंढ्यांच्या लेंड्यांतून अंडी पडतात, ओल असली की त्यातून अळ्या निघतात आणि दव पडलेल्या गवताच्या पात्यावर चढतात. कोकरानं ते गवत खाल्लं की अळी पोटात जाते आणि तिचा जंत होऊन अंडी घालायला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे जे कोकरू अजून फक्त दुधावर आहे, कोरड्या जागी आहे, त्याला या जंतांचं औषध देऊन काही हाती लागत नाही. ओल्या, घाणेरड्या अंथरुणातून एक बारीक जंत लहानपणीही येऊ शकतो, पण त्यावर पहिला उपाय कोरडी जागा हाच.

म्हणून पहिली मात्रा जन्मापासून न मोजता चरायला लागल्यापासून मोजावी. कोकरू नेमानं गवत खायला लागल्यानंतर तीन ते चार आठवड्यांनी, साधारण वयाच्या दीड-दोन महिन्यांत लेंड्या तपासायला द्याव्यात आणि मग औषध द्यावं. बाटलीवरचं कोकरू भुकेपोटी लवकर गवताला लागतं आणि तेही हौदाजवळ, हातपंपाजवळ, जिथं हिरवं दिसतं तिथं. नेमकी तीच जागा ओली आणि जंतांची असते. तिथून त्याला लांब ठेवणं हे अर्धं औषध आहे.

दुसरी गोष्ट हंगामाची. आपल्या भागात जूनमध्ये जन्मलेलं कोकरू ऑगस्टमध्ये भर ओलीत चरायला लागतं. त्याला दोन महिन्यांच्या आत पहिली मात्रा लागतेच आणि दिवाळीपर्यंत दर महिन्याला लेंड्या तपासाव्यात. दिवाळीनंतर जन्मलेलं कोकरू जानेवारी-फेब्रुवारीत कोरड्या रानात, ज्वारी निघालेल्या वावरात चरतं. तिथं उन्हानं अळ्या मरतात. अशा कोकराला उन्हाळ्यात दर महिन्याला औषध पाजणं म्हणजे पैसे वाया घालवणं आहे. उलट त्यातून जंतांना औषधाची सवय लागते आणि पावसाळ्यात तेच औषध चालेनासं होतं.

वाडा घेऊन कालव्याच्या किंवा धरणाच्या पाणथळ पट्ट्यात गेलेल्यांनी पर्णकृमीचाही विचार करावा. हे कृमी पाण्याकडेच्या गोगलगाईंतून पसरतात आणि नेहमीच्या जंतनाशकाच्या मात्रेनं जात नाहीत. त्याचं औषध वेगळं असतं.

प्रत्येक हगवण जंताची नसते

इथं सगळ्यात जास्त कोकरं दगावतात. तीन ते आठ आठवड्यांचं कोकरू पातळ हगतं, शेपूट माखते, कण्हत जोर करतं, कधी रक्त पडतं. घरात जंताची बाटली असते, ती पाजली जाते. दोन दिवस वाट बघितली जाते. तिसऱ्या दिवशी कोकरू उठत नाही.

या वयातली अशी हगवण बऱ्याचदा कॉक्सिडिया नावाच्या अतिसूक्ष्म परजीवीमुळे होते. तो जंत नाही. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल, आयव्हरमेक्टिन यांचा त्याच्यावर उपयोग होत नाही. त्याची औषधं वेगळी आहेत आणि ती डॉक्टरांनीच ठरवावीत. लेंडीचा नमुना स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत ताजा ताजा दवाखान्यात नेला तर तिथं सूक्ष्मदर्शकाखाली जंत आहे की कॉक्सिडिया ते दिसतं. फक्त दुधावर असलेल्या कोकराची हगवण बऱ्याच वेळा थंड दूध, न धुतलेली बाटली किंवा एकदम जास्त पाजलेलं दूध यातूनही असते. तोवर मीठ-साखरेचं कोमट पाणी थोडं थोडं पाजत राहावं, कारण मरण हगवणीपेक्षा अंगातलं पाणी गेल्यानं येतं.

लेंडीत तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे असतात. ते बघून घाबरायला होतं, पण त्यापेक्षा जास्त नुकसान डोळ्याला न दिसणारा रक्त पिणारा जंत करतो. त्याची खूण लेंडीत शोधण्यापेक्षा डोळ्यात शोधावी. खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघावा. लाल-गुलाबी असेल तर ठीक. फिकट, पांढरट असेल तर अंगातलं रक्त गेलंय. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबत असेल तर उशीरच झाला आहे, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पापणीच्या रंगाची ही पद्धत दक्षिण आफ्रिकेत मेंढ्यांसाठी बसवली गेली आणि आता जगभर वापरतात. तिला एक पैसाही लागत नाही.

मात्रा: अंदाज नको, काटा घ्या

कोकराला पोत्यात घालून टांगत्या काट्यावर वजन करावं. डोळ्यानं धरलेलं वजन नेहमी चुकतं. कमी मात्रा दिली तर जंत मरत नाहीत, औषधाला सरावतात. जास्त दिली तर कोकरू जातं.

बाटलीवरची टक्केवारी वाचणं सगळ्यात महत्त्वाचं. एक उदाहरण बघू. अल्बेंडाझोलची मात्रा दर किलो वजनाला ७.५ मिलिग्रॅम. कोकरू ८ किलोचं, म्हणजे ६० मिलिग्रॅम औषध हवं. बाटली २.५ टक्क्यांची असेल तर एका मिलीत २५ मिलिग्रॅम असतं, म्हणून २.४ मिली पाजायचं. तीच बाटली १० टक्क्यांची असेल तर फक्त ०.६ मिली. दोन्ही बाटल्यांवर नाव एकच असतं. शेजाऱ्यानं "अडीच मिली पाज" असं सांगितलं आणि घरातली बाटली १० टक्क्यांची निघाली, तर चौपट औषध पोटात गेलं. लेव्हामिसोल आणि क्लोझँटेल ही औषधं तर जास्त झाली की फारच वाईट. लेव्हामिसोलनं कोकरू थरथरतं, तोंडाला फेस येतो. क्लोझँटेलच्या जादा मात्रेनं कायमचं आंधळंही होतं.

पाजताना डोकं वर ताणू नये, सरळ ठेवावं. सुई काढलेल्या सिरिंजनं गालाच्या कडेनं जिभेच्या मागच्या बाजूला हळूहळू सोडावं. घाईनं ओतलं आणि ठसका लागला की औषध फुफ्फुसात जातं.

लस आणि जंतनाशक यांत आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवावं, आधी जंतनाशक, मग लस. जंतानं पोखरलेल्या कोकराच्या अंगात लस नीट लागत नाही.

एका कोकरासाठी बाटली कोण फोडणार?

हीच खरी अडचण आहे. लसीच्या एका बाटलीत ५० किंवा १०० मात्रा असतात. पीपीआरसारखी भुकटीची लस एकदा पाण्यात मिसळली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. एका कोकरासाठी ती कुणी फोडत नाही.

यावर तोडगा गावातच निघतो. वाडीतल्या घराघरांत बाटलीवर वाढणारी कोकरं, करडं किती आहेत ते एकदा मोजावं. चार-पाच घरांची मिळून यादी केली, प्रत्येकाची जन्मतारीख लिहिली आणि ती दवाखान्यात दिली, की डॉक्टरांना एक दिवस ठरवता येतो. आंत्रविषाराची लस करडांनाही चालते. वाड्यावर लसीकरण असेल त्या दिवशी घरची कोकरं पाटीत घालून तिथं न्यावीत. कानात बारा अंकी बिल्ला मारून घ्यावा. नोंद त्या बिल्ल्यावर होते आणि पुढची तारीख चुकत नाही. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री क्रमांकही सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असावा.

लस दुकानातून आणायचीच वेळ आली तर बर्फाच्या थर्मासमध्ये आणावी. २ ते ८ अंश तापमान हवं. आंत्रविषाराची लस मात्र गोठू देऊ नये. बाटली थेट बर्फात खुपसू नये, कागदात गुंडाळून ठेवावी. दुपारच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीतून आणलेली लस टोचून समाधान मिळतं, संरक्षण मिळत नाही.

एका कोकराची पूर्ण तारीखवही

समजा कोकरू १० नोव्हेंबरला जन्मलं, आई गेली, चीक मिळाला पण उशिरा, आईच्या लसीचा पत्ता नाही. त्याची तारीखवही अशी होईल:

• १० नोव्हेंबर: चीक, नाळेला आयोडीन, तिन्ही गोष्टींची नोंद.

• १७ नोव्हेंबर: आंत्रविषार, पहिली मात्रा.

• २ डिसेंबर: आंत्रविषार, दुसरी मात्रा. याच सुमारास वाळला पाला, चिमूटभर भरडा सुरू.

• १० जानेवारी: लेंडी तपासणी, पापणीचा रंग, वजन. जंत निघाले तर लगेच औषध.

• ३१ जानेवारी: दूध तोडायच्या वेळची तपासणी. जानेवारीत औषध दिलं नसेल तर आता पहिली मात्रा.

• १० फेब्रुवारी: पीपीआर.

• ३ मार्चच्या आसपास: देवी.

• २० मार्चच्या आसपास: आंत्रविषार पुन्हा.

• एप्रिल: लाळ्या-खुरकूत, गावात मोहीम येईल तेव्हा.

• मे: सहा महिने पूर्ण. घटसर्प कळपाबरोबर. पावसाळ्यापूर्वीचं जंतनाशकही कळपाबरोबर, पण लसीच्या आठ-दहा दिवस आधी.

तारखा दोन-चार दिवस इकडंतिकडं झाल्या तर बिघडत नाही. क्रम आणि अंतर सांभाळावं.

एवढं करूनही कोकरू अचानक गेलं तर ते ओढ्यात टाकू नये. दवाखान्यात कळवून शवविच्छेदन करून घ्यावं, म्हणजे कारण समजतं आणि बाकीची वाचतात. मात्र नाकातोंडातून किंवा मागून काळपट रक्त येत असेल तर फाशीचा संशय धरावा. त्याला चिरू नये, कातडं काढू नये, लगेच डॉक्टरांना कळवावं आणि ते सांगतील तसं चुना टाकून खोल पुरावं.

मे महिन्यात हे कोकरू कळपात सोडलं की त्याची वेगळी तारीखवही संपते. तिथून पुढं कळपाची तारीख तीच त्याची तारीख. तोवर मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरकडं घरातल्या कुणीतरी एकानं रोज बघायचं. बाटली जो लावतो त्याच्याकडंच हे काम दिलं तर ते चुकत नाही.